वीस रुपयात फुल्ल कार्ड

(दृश्य: स्टेपलर मारलेली प्लास्टिकची छोटी पुडी, आत काळं कार्ड)

हे मेमरी कार्ड बघा, नखाएवढं आहे, दोन जीबी. आज दोन जीबी म्हणजे लग्नाच्या ग्रुपवर एका संध्याकाळी येऊन पडणारे व्हिडिओ, पण २०१२-१३ ला आमच्या घरात ह्याच्यावर पावणेचारशे गाणी होती आणि ती वडलांची होती, म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं एक पण डिलीट करायचं नाही असा नियम होता. फोन कधीच गेला. कार्ड मात्र रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर एका पाकिटात निघालं, परवा, वारसनोंदीचे कागद शोधताना.

तर आजचा व्हिडिओ ह्या कार्डाचा. आणि ते भरून देणाऱ्याचा.

(दृश्य: एसटी स्टँड, रसवंती, मोबाईल शॉपीचे बोर्ड)

बार्शीच्या स्टँडसमोर तेव्हा तीन-चार मोबाईल शॉप्या होत्या, बाकी गावांतही चित्र हेच असणार, तुम्ही तुमच्या तालुक्याचं नाव घाला. बाहेर फ्लेक्सवर 'रिचार्ज मारून मिळेल, गाणी भरून मिळतील, झेरॉक्स, लॅमिनेशन' आणि आत एक जोडून घेतलेला पीसी, डबडा मॉनिटर, यूएसबीच्या वायरला लोंबकळणारा कार्ड रीडर, आणि खुर्चीवर बसलेला पोरगा जो तुमच्याकडं न बघता हात पुढं करायचा. कार्ड द्या. फोनमधून कार्ड काढायचं म्हणजे मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, मग कार्ड सरकवा, आणि परत बसवलं की फोनची तारीख गेलेली असायची. हे तारखेचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग तो विचारायचा, काय टाकू? हिंदी जुनी, हिंदी नवी, मराठी, डीजे, भक्ती? बस. गाण्याचं नाव सांगायची पद्धतच नव्हती, फोल्डर सांगायचा. आणि खरं तर तेही सांगावं लागायचं नाही, आज आपल्याला ॲप जे 'तुमच्यासाठी' म्हणून गाणी सुचवतं ना ते काम तो पोरगा पायातल्या चपलेकडं बघून करायचा. धोतर-टोपी आली की भक्तीचा फोल्डर, कॉलेजची पोरं आली की डीजे, वडील कार्ड घेऊन दुकानात गेले तेव्हा त्यानं दोन्ही टाकलं, का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वीस रुपयात फुल्ल कार्ड. आमच्याकडं तरी हाच रेट होता.

आता हे पावणेचारशे कुठून आले, तर हिशोब सोपा आहे. ती गाणी असायची १२८ केबीपीएसची एमपीथ्री, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, पाच मिनिटाचं गाणं पाच एमबी, आणि दोन जीबीच्या कार्डात प्रत्यक्षात जागा मिळते एकोणीसशे एमबीच्या आसपास. भागाकार करा. व्हिडिओ पाहिजे असेल तर थ्रीजीपी, ज्याचं चित्र १७६ बाय १४४ ठिपक्यांचं असायचं. आत्ता तुम्ही हे ज्या स्क्रीनवर बघताय तिच्यावर ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल. आणि आवाज बऱ्याचदा एएमआर ह्या प्रकारात, जो मुळात फोनवर बोलण्यासाठी बनवलेला, गाण्यासाठी नाहीच, म्हणून ढोलकी सुद्धा पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी यायची. पण आम्ही त्यातच नाचलो बरं का.

कार्डाचा जन्म तसा फार जुना नाही. २००४ ला सॅनडिस्कनं ते 'ट्रान्सफ्लॅश' नावानं आणलं, पुढच्याच वर्षी एसडी असोसिएशननं ते मायक्रोएसडी म्हणून मान्य केलं. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद. माप आजही तेच आहे.

आणि हो, हे सगळं बेकायदेशीर होतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात दुसऱ्याची गाणी अशी वाटायची परवानगी कुणालाच नाही, शॉपीवाल्याला नाही आणि आपल्यालाही नाही. तेव्हा गल्ल्यावर वीस रुपये ठेवताना कुणाच्या डोक्यात हे यायचं नाही हे खरं, पण म्हणून ते बरोबर होत नाही, आणि गाणाऱ्याला त्यातला रुपया पण मिळाला नाही हे पण तितकंच खरं.

(दृश्य: ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बांधलेला स्पीकर)

ह्या धंद्याचा शेवटचा मोठा सीझन कुठला असं मला विचाराल तर मी सैराट म्हणेन. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर लागला, नागराज मंजुळेंचा, गाणी अजय-अतुलची. त्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा कॅलिफोर्नियात सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झालेला, जिथं हॉलिवूडच्या पिक्चरांचं संगीत होतं, म्हणजे व्हायोलिनवाल्यांची अख्खी फौज, एकेका माइकची जागा ठरलेली. आणि आम्ही ते ऐकलं कुठं, तर चायना मोबाईलच्या स्पीकरवर, मोनोमध्ये, ट्रॅक्टर चालू असताना. आणि तरी ते पोचलं! मला आजही ह्याचं नवल वाटतं. पिक्चरची चोरटी कॉपी पण कार्डांवरनं फिरली, ती बघितलेले लोक नंतर थेटरला परत गेले, काही गेले नाहीत.

मग ५ सप्टेंबर २०१६. जिओ. मोजून बघा, मधे १२९ दिवस आहेत. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट, आणि ज्या पोराला आपण कार्ड द्यायचो तोच पोरगा आता आधारकार्ड घेऊन सिम ॲक्टिव्हेट करून द्यायला लागला. बोर्ड तोच राहिला, वरनं निळं स्टिकर लागलं. ज्यांना नेट परवडत नव्हतं ते शेअरइट नायतर झेंडरनं एकमेकांत गाणी फिरवत राहिले, पण जून २०२० मध्ये सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केले त्यात ती दोन्ही गेली. आता अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आहे, नेट लागत नाही, ॲप टाकायला लागत नाही, आणि २०२५ च्या शेवटाला गूगलनं आपल्या पिक्सेल १० फोनवरनं ते आयफोनच्या एअरड्रॉपशी पण बोलायला लावलं. हे आधी झालं असतं तर कॉलेजमधली निम्मी भांडणं झाली नसती.

बरं, मुद्द्यावर येतो. तुमच्या घरात पण असं कार्ड असणार. शोधा. कारण असं आहे की ह्या कार्डात डेटा म्हणजे चिपमधल्या बारीक बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विजेचा भार असतो, आणि कार्ड नुसतं वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो हळूहळू गळतो. पुस्तकासारखं नाही हे, की माळ्यावर ठेवलं आणि वीस वर्षांनी उघडलं.

कॉम्प्युटरला लावताना छोटं कार्ड ज्या मोठ्या कार्डात बसवतात त्या अ‍ॅडॅप्टरच्या डाव्या बाजूला छोटी खिटी असते ती लॉककडं सरकवा, म्हणजे बहुतेक कॉम्प्युटर त्यावर काही लिहीत नाहीत. कॉम्प्युटर म्हणाला 'फॉरमॅट करायचं का', तर नाही म्हणा, कितीही वेळा विचारलं तरी नाहीच. आधी सगळं जसंच्या तसं कॉपी करून घ्या, निवडानिवडी नंतर. कार्ड उघडतच नसेल तर फोटोरेक म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते फोल्डरची नावं वगैरे सोडून देतं आणि थेट आतला फोटो-गाण्याचा माल खणून काढतं, नावं जातात पण फोटो येतात. फक्त काढलेला माल त्याच कार्डावर सेव्ह करू नका, कॉम्प्युटरवर करा, नायतर खणलेल्या मातीनंच खड्डा बुजवाल. आणि फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले तर घाबरू नका, तो त्या काळातला सायबर कॅफेचा व्हायरस आहे, खरे फोल्डर लपवलेले असतात, 'हिडन फाइल्स' दाखवा म्हटलं की बऱ्याचदा दिसतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका एवढंच.

(दृश्य: नवं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात ५१२ जीबी)

हे दुसरं कार्ड मी घेतलं होतं हौसेनं, जुनं सगळं ह्यात भरू म्हणून. ऑनलाइन, ५१२ जीबी, चारशे रुपये. हसा. मी पण नंतर हसलो. त्यात खरी चिप होती सोळा जीबीची, आणि तिच्या कंट्रोलरला, म्हणजे चिप सांभाळणाऱ्या भागाला, शिकवून ठेवलेलं की कुणी विचारलं तर ५१२ सांग. फोन विचारतो, कार्ड ५१२ सांगतं, फोन विश्वास ठेवतो. पहिले सोळा जीबी नीट बसतात, त्यापुढचं दिसतं पण उघडत नाही. हे ओळखायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफथ्री अशी फुकटची सॉफ्टवेअर आहेत, ती कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात, रात्रभर लागते पण दूध का पाणी ते कळतं. नवं कार्ड आणलं की परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असेल तर सेकंदाला निदान तीस एमबी लिहायची हमी, क्लास १० म्हणजे दहा, गाण्यांना दहा रग्गड झालं. गेमवाल्या पोरांसाठी एक वेगळं, निन्टेंडोचं 'स्विच २' हे गेमचं मशीन जून २०२५ मध्ये आलं त्याला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस ह्या नव्या प्रकारचं कार्डच लागतं, साधं कार्ड आत जातं पण त्यावर गेम चालत नाही. दिसायला दोन्ही सारखीच. काकांकडून मागवताना नीट सांगा.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, फोल्डरांची यादी)

आता आमच्या कार्डात काय निघालं. 'भक्ती', 'डॉल्बी', 'जुने हिंदी', 'रिंगटोन', आणि 'न्यू फोल्डर (२)'.

ह्या शेवटच्यात एक बारसं आहे. आमचं नाही. आमच्या ओळखीतल्या कुणाचंच नाही, मी आईला, आत्याला, सगळ्यांना दाखवलं. एक्केचाळीस फोटो, ६४० बाय ४८०, पाळण्याला फुगे, मागं साडीच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं, बाळाचं नाव वाचता येतं पण ते मी सांगणार नाही आणि फोटो पण दाखवणार नाही. झालं असणार असं की कुणीतरी आपलं कार्ड भरायला दिलं, पोरानं आधी त्यातलं सगळं पीसीवर घेतलं, आणि मग आमच्या वडलांना गाणी देताना तो फोल्डर पण ओढला गेला. फोटोची तारीख १ जानेवारी २००४ दाखवतीय, जी खोटी आहे, बॅटरी काढली की तारीख जाते म्हटलं होतं ना ते हेच. म्हणजे ते बाळ आज किती वर्षांचं हे पण कळायला मार्ग नाही. आणि आमचे फोटो कुणाकडं गेले असतील? वडलांच्या कार्डात आजीचे फोटो होते.

म्हणून सांगतो, फोन रिपेअरला देताना कार्ड आणि सिम काढून घ्या. पासवर्ड मागितला तर आधी विचारा कशाला पाहिजे, डिस्प्ले बदलायला पासवर्ड लागत नाही. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, तो चालू केला की दुकानदाराला फोन कोरा दिसतो, टच, कॅमेरा, स्पीकर सगळं तपासता येतं, तुमची गॅलरी दिसत नाही. दोन मिनिटाचं काम आहे. आपण करत नाही, कारण दुकानदार ओळखीचा असतो.

फोल्डर मी डिलीट केलेला नाही. ठेवून काय करणार ते पण माहीत नाही.

(दृश्य: ओसरी, दुपार, वडील खाटेवर)

गाणी मात्र वडलांच्या नव्या फोनमध्ये टाकून दिली, आणि तक्रार आली. चुकीचं वाजतंय म्हणाले. काय चुकीचं, सगळी आहेत की. नाही, 'चल गं सखे पंढरीला' नंतर हे येत नाही.

मला कळायला अर्धा दिवस गेला. नवा फोन गाणी नावानं, अक्षरानुसार लावतो. जुना चायना फोन बिचारा तसलं काही करायचा नाही, कार्डावर जी फाइल आधी टाकली ती आधी वाजवायचा. म्हणजे वडील दहा वर्षं जो क्रम ऐकत होते तो त्या शॉपीतल्या पोराच्या माउसचा क्रम होता. आणि तो अजून कार्डावर होता! जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं, कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं डिर (dir, म्हणजे फाइलींची यादी दाखव) टाइप केलं, फाइलींची नोंद जुन्या 'फॅट' पद्धतीनं ठेवणाऱ्या ह्या कार्डावर ती यादी अक्षरानुसार नाही, टाकलेल्या क्रमानं येते. मग प्रत्येक गाण्याच्या नावापुढं ००१, ००२ असे आकडे घातले, पावणेचारशे गाण्यांना, हातानं नाही, एक छोटी स्क्रिप्ट लिहून, पण चहा तीन झाले.

प्रल्हाद शिंद्यांच्या 'चल गं सखे पंढरीला' नंतर येतं 'कोंबडी पळाली', जत्रा पिक्चरमधलं, २००६ चं, म्हणणारे आनंद शिंदे. बापानंतर लेक. त्या पोराला हे माहीत होतं का नुसतं माउस घसरला, कोण जाणे.

दुपारी फोन लावून दिला. वडील डोळे मिटून पडलेले, भजन संपलं, दोन गाण्यांच्या मधली ती सेकंदभराची शांतता, आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला.