दोन पौंड पीठ आणि एका शेजारणीची डायरी

नमस्कार श्रोतेहो. आज पूर्वज शोधण्याबद्दल बोलूया, आणि त्यासाठी मी तुम्हाला अमेरिकेतल्या युटाला नेणार आहे, जेन मॅनिंग जेम्सकडे.

जेन कनेटिकट राज्यातल्या विल्टनची, काळी, पण जन्मापासून स्वतंत्र, गुलाम नव्हे. 1840 च्या दशकात तिने मॉर्मन हा ख्रिस्ती धर्मातून निघालेला पंथ स्वीकारला. 1843 मध्ये आई, भावंडं, लेकरं असा गोतावळा घेऊन ती इलिनॉयमधल्या नॉव्हूला निघाली, तिथे पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ राहायचा. वाटेत बफेलोला बोटीने यांना पुढे न्यायला नकार दिला, म्हणून ही माणसं जवळजवळ 800 मैल, म्हणजे पावणेतेराशे किलोमीटर, पायी चालली! चपला झिजून गेल्या, पाय फुटले, जमिनीवर रक्ताचे ठसे उमटायचे असं तिनेच पुढे सांगितलंय. नॉव्हूत तिला स्मिथच्याच घरी काम मिळालं, तिथे धुणं धुवायची. मग आयझॅक जेम्सशी लग्न झालं, आणि सप्टेंबर 1847 मध्ये, म्हणजे मॉर्मनांची पहिली तुकडी पोचल्यावर दोनच महिन्यांनी, हे कुटुंब युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचलं.

आता शोधायला बसलात की काय होतं बघा. जन्मसालच प्रत्येक कागदात वेगळं. थोरला मुलगा सिल्व्हेस्टर लग्नाआधीचा, त्याच्या बापाचं नाव तिने आपल्या आत्मकथनात सांगितलेलंच नाही, आणि मला विचाराल तर तो तिचा हक्क होता. (आपल्याकडे तर लग्नात बाईचं आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे, तांदळात नवीन नाव लिहून! तुमच्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणाला माहितीये का? आज रात्रीच विचारा, म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा.) जनगणना, कराच्या याद्या यातून जमीन किती, जनावरं किती ते कळतं. बाई कशी होती ते नाही कळत. म्हणून मी म्हणते शेजारणीचे कागद बघा.

आणि हीच गोष्ट मला तुम्हाला सांगायचीय.

1849 चा वसंत. आदल्या उन्हाळ्यात नाकतोड्यासारख्या किड्यांनी पिकं खाल्लेली, हिवाळा कडक गेलेला, नवीन धान्य यायला वेळ, लोक रानातले कंद उकरून खातायत. एलायझा लायमन नावाची बाई, नवरा पंथातला मोठा माणूस, त्याला कामगिरीवर कॅलिफोर्नियाला पाठवलं आणि तो गेला तेव्हा घरात पीठ नाही. पदरी लहान मूल. पिठाच्या डब्याचा तळ दिसला की पोटात कसा गोळा येतो ते तुम्हाला मी काय सांगू. तर तेव्हा जेन आली आणि तिने एलायझाला दोन पौंड पीठ दिलं, किलोला जरा कमीच. एलायझाने त्या दिवसांतच डायरीत नोंद केली, की जेन जेम्सने मला पीठ दिलं, आणि तिच्याकडे होतं त्यातलं ते जवळजवळ अर्धं होतं.

अर्धं, श्रोतेहो! उरलंसुरलं नाही, अर्धं. आणि जेनची स्वतःची पोरं घरात होतीच की.

या दोघी एकमेकींना नॉव्हूपासून ओळखत होत्या, स्मिथच्याच घरात. एक घरातली, एक धुणं धुणारी. आणि आता ऐका, जेनने 1893 मध्ये म्हातारपणी आपली कहाणी दुसऱ्या बाईला सांगून लिहून घेतली, त्यात थंडी आहे, भूक आहे, लेकरं भाकरीसाठी रडायची आणि द्यायला काही नसायचं ते आहे, पण पिठाची गोष्ट नाहीच! दिलेलं तिने सांगितलं नाही, घेतलेलीने लिहून ठेवलं. म्हणून पुन्हा सांगते, पूर्वज शोधताना शेजारणीचे कागद बघा, उसनवारीच्या वह्या बघा, पत्रं बघा.

पुढचं सांगताना मला त्रास होतो. जेन कितीतरी वर्षं मंदिरातले विधी मिळावेत म्हणून पंथाच्या वरिष्ठांकडे अर्ज करत राहिली, काळी म्हणून नकार मिळत राहिला. 1894 मध्ये मंदिरातल्या विधीने तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी कायमची जोडली, पण सेविका म्हणून, आणि त्या विधीलाही तिला आत येऊ दिलं नाही, तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. त्याच 1894 मध्ये सॉल्ट लेकमध्ये वंशावळी जमवणारी संस्था निघाली, त्या संस्थेनेच पुढे जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म केल्या, अगदी आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्यासुद्धा. जेन 1908 मध्ये गेली. काळ्या माणसांवरची मंदिरातल्या विधींची बंदी उठली 1978 मध्ये.

सॉल्ट लेकच्या स्मशानभूमीत तिच्या थडग्याजवळ 1999 मध्ये स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्राँझमध्ये चित्र कोरलंय, त्यात जेन एलायझाला पीठ देतेय.