तात्यांचा डोळा आणि डॉगरिजचं कलम

निफाडकडची ही द्राक्षबाग, सकाळचं धुकं अजून गेलेलं नाही आणि तात्या ट्रॅक्टरवर, मागे फवारणीचा ब्लोअर चालू. डोक्याला टोपी आहे, गॉगल मात्र तीस वर्षांत कधी लावला नाही.

आता उजवा डोळा जवळून बघा. नाकाच्या बाजूनं एक गुलाबी त्रिकोण बुबुळावर चढलाय. गावात म्हणतात मांस वाढलंय, कोणी म्हणतं मोतीबिंदू, पण मोतीबिंदू आत भिंगात होतो आणि हे सगळं वरवर, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातून वाढलेलं. डॉक्टर टेरिजियम म्हणतात, ग्रीकमध्ये याचा अर्थ छोटा पंख. ऊन, धूळ, वारा, म्हणजे तात्यांचा रोजचाच दिवस. बुबुळ ओढलं जाऊन चष्म्याचा सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबरही वाढला.

हे आजचं नाही बरं का, सुश्रुतसंहितेत याला अर्म म्हणतात, पाच प्रकार दिलेत, मीठ टाकून सैल करायचं, आकड्यानं उचलायचं आणि कापायचं. तात्या ऐकून म्हणाले, "मीठ? राहू दे मग."

माल गेल्यावर नाशिकला ऑपरेशन. डोळा बधिर, तात्या जागेच. मांस बुबुळावरून सोलून काढलं, पण खरं काम पुढंच. जागा उघडी ठेवली तर मांस पुन्हा उगवायची भीती फार, म्हणून वरच्या पापणीखालून त्याच डोळ्याचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा तुकडा काढून तिथं लावतात. १९८५ मध्ये अमेरिकेत केनियन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचे निकाल छापले आणि मग ती सगळीकडे रुळली. चिकटवायला फायब्रिन ग्लू, नाहीतर केसाहून बारीक टाके, कधी पेशंटचंच रक्त. आणि तुकड्याची बुबुळाकडची कड बुबुळाकडंच यायला हवी.

इथं तात्यांना एकदम पटलं. "म्हणजे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम भरतो तसंच की, काडी उलटी लागली तर फुटेल का?"

नंतर काही आठवडे ड्रॉप, चोळायचं नाही, धुळीत जायचं नाही. तेवढं पाळलं.

गॉगल मात्र दोन दिवसांत खिशात गेला, कारण काळ्या काचेतून घडाचा रंग कळत नाही म्हणे. मग मुलानं बिनरंगी पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणला, अतिनील किरण त्यातही अडतात, आणि घडही हिरवाच दिसतो.