काचेतलं एरंडेल

इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहात पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ पप हे लढाऊ विमान आजही उडतं. त्याचं इंजिन ले रोन, रोटरी जातीचं, 80 अश्वशक्तीचं. कॉकपिटमध्ये ही छोटी काचेची घुमटी बघा. खाली तेल, वर कोंडलेली हवा. इंजिन फिरू लागलं की पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तेल वर चढतं आणि पुन्हा उतरतं. ही इंजिनाची नाडी. मुरलेले वैमानिक हे ठोके घड्याळ लावून मोजत आणि इंजिनाचे फेरे किती, तेही काढत.

रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, विमानाला पक्का जखडलेला असतो. सिलिंडर, दांड्याभोवतीची पेटी म्हणजे क्रँककेस, पंखा, सगळं त्याच्याभोवती गरगरतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रणही पोकळ क्रँकशाफ्टमधून आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथे साधं खनिज तेल घातलं, तर पेट्रोल ते धुऊन नेतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून एरंडेल. एकदा आत गेलेलं तेल टाकीत परत येत नाही. ते सिलिंडरांकडे फेकलं जातं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. सॉपविथ कॅमल या दुसऱ्या लढाऊ विमानातलं क्लर्जे हे रोटरी इंजिन तासाला सुमारे 9 लिटर एरंडेल असं उधळायचं. कॉलर, गॉगल, ओठ, सगळं चिकट. पोटाचे हालही ठरलेलेच.

आता नाडी थांबली, असं समजा. खाली उतरायचं की नाही, हे लगेच ठरवायला हवं. तेल तुटलं तर पिस्टन तापतात. क्लर्जेच्या पिस्टनवरच्या पातळ कड्या आधीच नाजूक; त्या जळाल्या की सिलिंडर गेलाच.

पण काच एकटी साक्षीदार म्हणून पुरत नाही. आधी तिच्यात नीट बघायचं. काच रिकामी दिसते? मग टाकी संपली असेल, नळी तुटली असेल, किंवा पंपच बंद पडला असेल. ठोके अडखळत आहेत, तेलात बुडबुडे आहेत? टाकीकडून येणाऱ्या नळीच्या जोडातून पंप हवा ओढतोय. काच काठोकाठ भरून स्तब्ध झाली आहे? इथे घाई नडते. घुमटीच्या जोडातून आतली हवा निसटली, की चढ-उतार दिसायला जागाच उरत नाही. तेल मात्र इंजिनात व्यवस्थित जात असतं.

मग खरं कसं कळायचं? बाहेर बघून. एक्झॉस्टमधून निळसर धूर येतोय, गॉगलवर ताजा थर बसतोय, म्हणजे तेल पोचतंय. धूर विरळ झाला आणि काचही निश्चल, तर उतरायला शेत शोधायचं. मला या तपासणीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही सवय, दोन खुणा जुळवून मगच निर्णय घेण्याची.

जमिनीवर मेकॅनिकचं काम सुरू होतं. टाकीत तेल किती उरलं ते आधी. मग गाळणी. एरंडेल पडून राहिलं की त्याचा डिंकासारखा चिकटा होतो आणि जाळी बुजते. मग जोड, मग पंप. थंडीत तेल घट्ट होऊन नळीत सरकतच नाही, म्हणून ते गरम करून टाकीत ओतायची पद्धत होती.

आणि एक दोष असा, की काच तो दाखवतच नाही. एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून व्हायचा, आणि समुद्रावर ब्रिटिशांची नाकेबंदी होती. जर्मनांना एरंडेल मिळेना. त्यांनी व्होल्टोल नावाचं पर्यायी तेल वापरलं. 1918 च्या उन्हाळ्यात फोकर ई-5 विमानांची ओबरउर्सेल इंजिनं तापून निकामी होऊ लागली. पंप ठोके देत होता, तेल जात होतं; पण त्या उष्णतेत ते वंगण टिकत नव्हतं. असं इंजिन तपासताना पंप खोलून काही हाती लागत नाही. टाकीतलं तेल काढून ते कुठलं आहे, हे आधी बघावं लागतं.