बादलीतला पांढरा साका

नमस्कार श्रोतेहो.

चिकोडीकडं आमच्या मळ्यात जाऊन विचारा, उसाचं ड्रिप कुणी तुंबवलं? सगळे माझ्याकडं बोट दाखवतील. जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच बादलीत कालवलं! अर्धा-अर्धा किलो, सगळं मिळून पाणी २० लिटर. वेगवेगळं विरघळवलं तेव्हा दोन्ही पाणी निवळ होतं. एकत्र ओतलं आणि बघता बघता बादलीत ताक झालं. भाऊ म्हणाला, "दादा, हे विरघळंल न्हवं?" मी म्हटलं, "ढवळ की," आणि नळी व्हेंच्युरीला, म्हणजे खताचं पाणी ड्रिपमध्ये ओढून घेणाऱ्या जोडणीला लावली.

आता बादलीत डोकावू या. क्षार विरघळला की त्याचे दोन भाग सुटे होतात, ते आयन. म्हणजे बादलीत चार जण मोकळे फिरत होते: कॅल्शियम, नायट्रेट, मॅग्नेशियम, सल्फेट. जोडीदार बदलून बघायचे, एवढंच काम. मॅग्नेशियमला नायट्रेट मिळालं तर काळजी नाही, नायट्रेट कुणाहीबरोबर विरघळतं. दुसरी जोडी कॅल्शियम आणि सल्फेट, म्हणजे आपलं जिप्सम. लिटरभर पाण्यात ते मावतं अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्या बादलीत लिटरमागं होत होतं १७ ग्रॅमच्या आसपास. खाली बसणार नाही तर काय करणार? आमची मराठी माध्यमाची पोरं दहावीपर्यंत त्याला 'अवक्षेप' म्हणतात, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेली की तोच 'प्रेसिपिटेट' होतो. घरात आपण साका म्हणतो.

बाकीचे नियम पटकन सांगतो. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे नेहमीचे क्षार विरघळतात. क्लोराइडही विरघळतात, पण चांदी आणि शिसं सोडून. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकलं की दही विरजल्यासारखं दिसतं, ते याचमुळं. सल्फेटमध्ये बेरियम आणि शिसं नापास, कॅल्शियम काठावर. त्यामुळं पातळ पाण्यात जिप्सम दिसत नाही, घट्ट द्रावणात दिसतं. फॉस्फेट आणि कार्बोनेट मात्र हट्टी. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम हे पहिले तिघं सोबत नसले तर बसलेच समजा. म्हणून १२:६१:०० हे खत, म्हणजे अमोनियम फॉस्फेट, एकटं छान विरघळतं, पण कॅल्शियम नायट्रेटशी गाठ पडली की कॅल्शियम फॉस्फेट तयार!

आणि १३:००:४५ बरोबर मॅग्नेशियम सल्फेट? पोटॅशियम, नायट्रेट, मॅग्नेशियम, सल्फेट. जोड्या तुम्हीच लावा. साका पडत नाही.

आमच्या ड्रिपचं काय झालं? कार्बोनेटचा थर असता तर ॲसिड सोडल्यावर फसफसून सुटला असता. जिप्सम ॲसिडला तशी दाद देत नाही. शेवटी लॅटरल, म्हणजे उसाच्या ओळीतल्या ड्रिपच्या नळ्या, बदलाव्या लागल्या. आता मळ्यात दोन टाक्या आहेत, आणि कॅल्शियमच्या टाकीवर भावानं ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय, 'मास्तरांनी हात लावू नये.'