'अन कालीन क्यून' : आयरिश भाषेतला एक चित्रपट कसा उभा राहिला

(दृश्य : उंच गवत. लांबून हाका. गवतात एक मुलगी पडून आहे.)

हाका तिच्या बहिणींच्या आहेत. ती ऐकते, पण ओ देत नाही. नाव कॉइच, वय नऊ. साल १९८१, देश आयर्लंड. घरात पोरंबाळं बरीच, आई पुन्हा गरोदर, वडिलांचं घराकडे लक्ष नाही. म्हणून उन्हाळ्यापुरतं कॉइचला आईकडच्या नात्यातल्या आयलीन आणि शॉन या जोडप्याकडे, त्यांच्या शेतावर धाडलं जातं. तिथे तिला पहिल्यांदाच कोणीतरी जीव लावतं. गोष्ट एवढीच आहे.

चित्रपटाचं नाव 'अन कालीन क्यून', म्हणजे शांत मुलगी. जगभर तो 'द क्वायट गर्ल' म्हणून पोचला. लांबी ९५ मिनिटं. लेखक-दिग्दर्शक कोलम बरेड, निर्मात्या क्लियोना नी ख्रूली. दोघं नवरा-बायको, आणि घरात बोलायची भाषा आयरिश.

(दृश्य : शेतघरासमोर गाडी थांबलेली. वडील गाडी वळवून निघून जातात.)

ही चौकट नीट बघा. गाडी गेली आणि मुलीची सुटकेसही गाडीतच गेली. चित्रपट ज्या क्लेअर कीगन यांच्या 'फॉस्टर' या दीर्घकथेवर बेतला आहे, त्यात मुलगी स्वतःच सगळं सांगते. अशी कथा पडद्यावर आणायची सोपी वाट म्हणजे मुलीच्या आवाजात निवेदन घालणं. बरेड यांनी ती वाट घेतली नाही. मग कथेतलं मन वस्तूंवर सोपवावं लागतं. सुटकेस नाही म्हणून कपडे नाहीत. कपडे नाहीत म्हणून कपाटातले मुलग्याचे कपडे तिच्या अंगावर येतात. खोलीच्या भिंतीवर आगगाड्यांचा कागद आहे. या घरात पूर्वी कोण होतं, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही, तरी कळायला लागतं. पटकथेत अशा वस्तूंचा क्रम एका जागी जरी चुकला, तरी पुढे एखाद्या पात्राला उभं राहून सगळं समजावून सांगावं लागतं.

(दृश्य : रस्त्यावरच्या आयरिश आणि इंग्रजी पाट्या. टीजी४ वाहिनीची इमारत.)

आता पैशाचं. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा चित्रपट आयरिशमध्येच झाला यामागे योगायोग नाही. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असं नोंदवलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले. एवढ्या प्रेक्षकांवर कुठलाही वितरक पैसे लावणार नाही. म्हणून टीजी४ ही आयरिश वाहिनी, सरकारची चित्रपटसंस्था स्क्रीन आयर्लंड आणि प्रसारण नियंत्रक मंडळ, या तिघांनी २०१७ मध्ये 'सिने४' ही योजना सुरू केली. टीजी४ स्वतः १९९६ पासून चालू आहे, त्यामुळे आयरिशमध्ये काम करणारे लेखक, नट, तंत्रज्ञ वीस वर्षं घडत होतेच.

योजनेचे टप्पे साधे आहेत. आधी मूठभर प्रकल्पांना फक्त संहितेसाठी पैसे मिळतात. त्या संहिता पूर्ण झाल्या की त्यातले एक-दोन निर्मितीसाठी निवडले जातात, प्रत्येकी साधारण १२ लाख युरोंपर्यंत. संवाद मुख्यतः आयरिशमध्ये हवेत ही अट. रक्कम लहान वाटते, आणि आहेच. पण ती जवळपास एकाच जागेवरून येते, हा तिचा खरा गुण. छोट्या भाषेचा चित्रपट नेमका इथे अडतो. थोडे पैसे इथून, थोडे तिथून गोळा करायला गेलं की प्रत्येक नवा भागीदार विचारतो, ओळखीचा चेहरा कोण? ओळखीच्या चेहऱ्याला भाषा येत नाही, मग त्याच्यापुरते संवाद इंग्रजीत जातात, आणि शेवटी भाषा फक्त आजीच्या तोंडी उरते. सिने४ मुळे हा प्रश्नच कोणी विचारला नाही. शिवाय योजना दरवर्षी चालते, त्यामुळे हात बसतो. या चित्रपटाच्या छायाचित्रकार केट मॅकुला यांनी आधी याच योजनेतला 'अराख्त' हा चित्रपट केला होता.

(दृश्य : फोनवर चित्रित केलेली चाचणी. पलीकडून मोठ्या माणसाचा आवाज.)

चित्रीकरण २०२० मध्ये, कोविडच्या निर्बंधांत झालं. मुलांना एका खोलीत बोलावून चाचणी घेणं बंद होतं. घरूनच चाचणी चित्रित करून पाठवायची. डब्लिनच्या कॅथरिन क्लिंचची निवड अशीच झाली, आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. अशा चाचण्यांत नेहमी एकच गोष्ट बिघडते. पालक मुलाकडून वाक्यं घोटून घेतात, आणि मूल प्रत्येक शब्दाला भुवया उंचावतं. पाहायचं असतं ते समोरचा बोलत असताना मूल काय करतं ते. कॉइच चित्रपटभर बोलते कमी आणि ऐकते जास्त. क्लिंचला ऐकता येतं.

आयलीन झालेल्या कॅरी क्राउली मूळच्या वॉटरफर्डच्या. गोष्ट घडते त्या वॉटरफर्डच्याच रिन्न या आयरिशभाषक पट्ट्यात, जरी चित्रीकरण मीथ परगण्यातल्या करहा गावात आणि डब्लिनमध्ये झालं. आयरिशच्या बोली वेगवेगळ्या ऐकू येतात, त्यामुळे दक्षिणेतल्या बाईच्या तोंडी उत्तरेचे उच्चार आले तर जाणकाराला लगेच खटकतात. शॉनचं काम अँड्र्यू बेनेट यांचं. वडील झालेले मायकेल पॅट्रिक मुख्यतः इंग्रजी बोलतात, आणि ते मुद्दाम आहे.

(दृश्य : आयलीन कॉइचचे केस विंचरते आहे. तिचं मोजणं ऐकू येतं.)

रोज शंभर वेळा कंगवा फिरवायचा आणि मोजायचं. अ हेन, अ दो, अ त्री. मराठी कानाला दोन आणि त्रि चटकन ओळखू येतात, दोन्ही भाषांचं मूळ कुळ एकच.

(दृश्य : शॉन जेवणाच्या टेबलाजवळून जातो. एक क्रीम बिस्किट टेबलावर ठेवतो. थांबत नाही.)

या दृश्याला निवेदन नाही.

(दृश्य : मॉनिटर. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे.)

चौकटीचं प्रमाण १.३७:१, म्हणजे जवळपास चौरस, जुन्या चित्रपटांचं. आजच्या रुंद पडद्याच्या मानाने बाजू कापलेल्या. कॉइचला जेवढं जग दिसतं, तेवढंच आपल्याला. टेबलाशी तिघं बसले तर तिघंही चौकटीत मावत नाहीत. कोणीतरी बाहेर राहतं आणि त्याचा फक्त आवाज येतो, जसा मोठ्यांच्या बोलण्याचा आवाज लहान मुलाच्या कानावर येतो.

याची किंमत सेटवर मोजावी लागते. रुंदीच्या मानाने उंची जास्त, त्यामुळे शेतघराचं बुटकं छत चौकटीत येतं. वर दिवे टांगता येत नाहीत, प्रकाश खिडकीतून आत घ्यावा लागतो. आवाजाचा बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, वरून नेहमीइतका खाली आणला की चित्रात दिसतो. मॉनिटरवर १.३७ च्या रेषा आखलेल्या नसतील, तर सगळेच सवयीने रुंद चौकट लावतात, आणि हे संकलनाच्या टेबलावर कळतं.

सिनेमागृहात पुढची अडचण. १९९८ गुणिले १०८० बिंदूंच्या (पिक्सेलच्या) डिजिटल चौकटीत हे चित्र साधारण १४८० बिंदू रुंद बसतं. दोन्ही बाजूंना सुमारे २५९ बिंदू काळे. प्रक्षेपण करणाऱ्याने बाजूचे काळे पडदे आत ओढले नाहीत, तर तो पट्टा करडा दिसतो आणि घट्ट चौकटीचा सगळा परिणाम जातो.

(दृश्य : झाडीतली विहीर. पाण्यात मुलीचं प्रतिबिंब.)

लहान मुलीवर चित्रपट उभा असला की वेळापत्रकही तिच्याभोवती लागतं. आयर्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने १६ वर्षांखालच्या मुलाला अशा कामासाठी परवाना लागतो आणि तासांना मर्यादा असते. रीत अशी, की आधी मुलीचे क्लोजअप घ्यायचे, मग तिला सोडून मोठ्यांचे.

(दृश्य : बर्लिनचा महोत्सव. टाळ्या.)

फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्लिनच्या बालचित्रपट विभागात आंतरराष्ट्रीय ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक. त्याच वर्षी आयर्लंडच्या चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री कॅथरिन क्लिंच, वय बारा. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये दहा लाख युरोंच्या वर कमाई करणारा पहिला आयरिश भाषेतला चित्रपट. मार्च २०२३ च्या ऑस्करसाठी आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात नामांकन, तेही या भाषेतलं पहिलंच.

(दृश्य : लांब गल्ली. कॉइच धावते आहे.)

शेवटच्या दृश्याची उपशीर्षकं लिहिताना एक जागा जपावी लागते. कॉइच धावत येऊन शॉनला मिठी मारते. मागून वडील चालत येताना तिला दिसतात. ती एक शब्द उच्चारते, आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा. मराठीत पहिल्या ठिकाणी 'बाबा आले' लिहायचा मोह होईल, कारण ती शॉनला सावध करते असं वाटतं. लिहायचं नाही. दुसऱ्या वेळी ती कोणाला हाक मारते हे कॉइचलाच ठाऊक. दोन्ही वेळा पडद्यावर एकच शब्द, 'बाबा'.