पायरीखालचं बिऱ्हाड

आत येताना दारातच एका ओळखीच्या काकूंनी विचारलं, "सर, पिशवीत आहे का?" नाही हो, पिशवीत डबा आहे. बेडूक आणलेला नाही, आणणारही नव्हतो. का, ते बोलण्याच्या ओघात कळेलच. पुढच्या रांगेतल्यांनी पाय खाली सोडून बसायला हरकत नाही.

गणपतीपुढे उंदराला डावलून बेडकावर बोलायला मला उभं केलंत, याबद्दल मंडळाचे आभार. बेडकाला आपण एरवी बोलण्यात तेवढा वापरतो. दंड आवळला की बेडकुळी. शाळेच्या मैदानावर बेडूकउड्या. कशात काही कळत नाही तो कूपमंडूक. व्याकरणकारांनीसुद्धा सोडलं नाही त्याला: मधली सूत्रं ओलांडून एखादा शब्द पुढच्या सूत्रात जाऊन पडला, की ती मंडूकप्लुती. आणि आपण बडोदेकर, त्यामुळे आपल्याकडे एक म्हण जास्तीची आहे, 'देडकांनी पांचशेरी'. बेडकांचं पाच शेर वजन करायला बसलात तर एकाला पारड्यात ठेवेस्तोवर दुसरा बाहेर. कार्यकारिणीची सभा ज्यांनी बोलावली असेल त्यांना अर्थ सांगायला नको.

म्हणींमध्ये एवढं घर दिलं, पण खऱ्या घरात तो दिसला की झाडू नाहीतर फिनाईल. विश्वामित्रीला पूर येतो, सोसायटीत मगर शिरते, तिचे फोटो आपण नातेवाइकांना पाठवतो. मगरीचं कौतुक, आणि मोरीतल्या बेडकाची किळस! हा न्याय मला कधी समजला नाही.

बाबाजीपुऱ्यात आमचं जुनं घर होतं. पुढे ओटा, ओट्याला तीन पायऱ्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीचा दगड एका बाजूने उचललेला. त्या फटीत एक बेडूक राहायचा. पुस्तकी मराठीत त्याला भेक म्हणतात, इंग्रजीत टोड. घरात आम्ही बेडूकच म्हणायचो, आणि ते काही चूक नाही, कारण भेक हा बेडकांच्याच गोतावळ्यातला. फरक डोळ्यांना दिसतो. तळ्यातल्या बेडकाची कातडी ओली, गुळगुळीत, पाय लांब, एका उडीत पसार. ह्याची कातडी कोरडी, फोडाफोडांची, पाय आखूड. हा दोन हात चालतो, एक टुणकन उडी मारतो आणि मग बसून विचार करतो. डोळ्यांमागे दोन लांबट उशांसारख्या ग्रंथी असतात, विष त्यांत. हात लावून चामखीळ येत नाही. चामखीळ विषाणूची, तिचा ह्याच्याशी संबंध नाही. कुत्र्याने मात्र तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. तसं झालं तर कुत्र्याचं तोंड पाण्याने नीट धुवा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

दिवेलागणीला आजी ओट्यावरचा बल्ब लावायची. पंधरा-वीस मिनिटांत भिंतीवर किडे जमायचे, काही खाली पडायचे, आणि पायरीच्या फटीतून आधी नाक, मग दोन सोनेरी डोळे. आजीची माळ आणि त्याचं जेवण एकाच वेळी सुरू व्हायचं. मी तिथे बसून गृहपाठ करायचो, म्हणजे करत नसायचो.

त्याचं जेवण बघण्यासारखं असतं. किडा हलेपर्यंत तो दगड. किडा हलला की अख्खं अंग तिकडे वळवतो, मान वेगळी वळवता येत नाही ना. पुढे झुकतो. मागच्या पायाचं लांब बोट थरथरायला लागतं, एखाद्या माणसाने टेबलावर बोटं वाजवावीत तसं. आणि मग किडा नसतोच. जीभ आपल्यासारखी घशापाशी रोवलेली नसून पुढे, ओठापाशी चिकटलेली असते. ती उलटून बाहेर पडते नि आत येते, पापणी लवण्याआधी. पुढचा भाग माझा आवडता. गिळताना तो डोळे मिटतो. आपल्याला वाटतं, काय चव लागली! पण तसं नाही, डोळ्यांचे गोळे खरोखर टाळूतून आत दबतात आणि घास घशाकडे ढकलतात. डोळ्यांनी गिळणारा प्राणी. कातडी टाकतो तीसुद्धा तोंडाने ओढून ओढून खाऊन टाकतो, काही वाया घालवत नाही.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि मला शहाणपण सुचलं. तेव्हा बेडूक आम्हाला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी उताणा ठोकलेलाच भेटायचा. 2014 साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ती विच्छेदनं थांबवायला सांगितली, बरं झालं. मला वाटलं, आपण जिवंत अभ्यास करू. माशांची रिकामी काचपेटी होती, ती साबणाने घासून, वर फिनाईलचा हात मारून स्वच्छ केली, नळाचं पाणी भरलं, खाली चार बोटं वाळू, आणि पायरीखालच्याला उचलून आत ठेवला. त्याच्या काखांत धरलं की तो चिवचिव करतो. नर असेल तर चुकून मिठी मारणाऱ्या दुसऱ्या नराला 'सोड, मी तो नव्हे' सांगायचा तो आवाज असतो. मी समजलो, खूश आहे. मेलेल्या माश्या टाकल्या, त्याने बघितल्याही नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी तो पाय ताणून पडला होता. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी बल्ब लावायचा राहिला, तो कुणीतरी दुसऱ्याने लावला.

काय चुकलं होतं ते मला नंतर, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागी बसतो आणि पोटाच्या, मांड्यांच्या कातडीतून पाणी शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच. म्हणजे मी त्याला साबण आणि फिनाईल प्यायला दिलं होतं, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरिन. आजव्याच्या तलावाचं पाणी आपल्याला गोड लागतं, त्याला ते भाजतं. आणि मेलेली माशी त्याच्या लेखी अन्न नव्हतीच.

या शेवटच्या गोष्टीवर एवर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुष्कळ काम केलं. काळ्या कागदाची अरुंद पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने सरकवली, की भेक तिला अळी समजून झडप घालतो. तीच पट्टी उभी धरून, त्याच वेगाने, त्याच दिशेने सरकवली, की तो ढुंकून बघत नाही. कागद तोच. बदललं फक्त आडवं-उभं. मी दोऱ्याला पट्टी बांधून ओट्यावर करून बघितलंय, मुलांना दाखवलंय. तुम्हीही करा, फक्त दोनदा-तीनदाच. भुकेल्याची थट्टा बरी नव्हे, झाल्यावर एक खरा किडा द्या.

आता पाळण्याबद्दल, कारण मंडळाने ह्या व्याख्यानाच्या जाहिरातीत तेच छापलंय. परदेशांत बेडूक पाळण्याचा शौक मोठा आहे. दक्षिण अमेरिकेतला शिंगाळा बेडूक, ज्याला लोक पॅकमॅन म्हणतात, तो म्हणजे पाय फुटलेलं तोंडच. ऑस्ट्रेलियाचा गुबगुबीत हिरवा झाडबेडूक, नीट ठेवला तर पंधरा वर्षांवर जगतो. कोरिया-चीनकडचा लाल पोटाचा. ठेवणारे लोक त्यांच्यासाठी ओलावा मोजतात, तापमान मोजतात, जिवंत झुरळं-नाकतोडे वाढवून त्यांना कॅल्शियमची पूड लावून खायला घालतात, नाहीतर हाडं वाकतात. हाताला घाम, मीठ, क्रीम असतं म्हणून उगाच हाताळत नाहीत. बडोद्याच्या मे महिन्यात हे सगळं बिनचूक करायचं म्हणजे एसी माणसांसाठी की बेडकासाठी, यावरून घरात वाद होणार.

आपल्या रानातला बेडूक पकडून आणण्याचा तर विचारही नको. पावसाळ्यात नर हळदीसारखा पिवळा होतो, गालांशी निळे फुगे, तो आपला मोठा बुलफ्रॉग. एके काळी त्याच्या तंगड्या परदेशात जायच्या. बेडूक गेले, किडे उरले. 1985 साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, 1987 साली भारताने निर्यातच बंद केली. आज तो वन्यजीव कायद्याखाली आहे.

आणि इकडचा प्राणी तिकडे नेण्याचा हिशोब फार महाग पडतो. 1930च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नख्यांच्या बेडकाचा एक उपयोग सापडला: बाईची लघवी मादी बेडकाला टोचली आणि बाई गरोदर असली, तर बेडकी दिवसभराच्या आत अंडी घालते. झाली चाचणी. हजारो बेडूक जगभर गेले. ह्या जातीच्या अंगावर एक बुरशी राहू शकते, ह्या जातीला स्वतःला फारसं काही होत नाही, दुसऱ्या बेडकांची मात्र कातडीच बंद पडते, आणि कातडी बंद म्हणजे पाणी बंद, क्षार बंद, हृदय बंद. बुरशीचं शास्त्रीय बारसं झालं 1999 साली. ती पसरण्यात एकट्या ह्या बेडकाचा दोष नाही, शौकाचा आणि खाण्याचा व्यापारही आहे. 2019 साली मांडलेल्या जागतिक हिशोबात तिच्यामुळे घटलेल्या जाती 501 आणि बहुधा कायमच्या गेलेल्या 90.

आपण फक्त सोसणारे आहोत असंही नाही बरं का. आपल्या ह्या पायरीखालच्याचाच जातभाई, साधा, फोडाफोडांचा, बहुधा आग्नेय आशियातून जहाजातल्या मालाबरोबर मादागास्करला पोचला. 2014 मध्ये तोआमासिना बंदराजवळ तो सगळ्यांच्या नजरेत आला. तिथल्या सापांना ह्याच्या विषाची सवय नाही. आपल्या ओट्यावर जो सज्जन, तो तिथे संकट.

मग जवळ ठेवायचा कसा? अठराव्या शतकात इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये अर्सकॉट नावाच्या गृहस्थांच्या घरी एक भेक होता. पेनंट या निसर्ग-अभ्यासकाने त्याची हकिकत टिपून ठेवली. पायऱ्यांखालीच राहायचा, छत्तीस वर्षं. संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या की बाहेर येऊन वर बघायचा, त्याला उचलून टेबलावर ठेवायचे, अळ्या द्यायचे, पाहुणे बघायला यायचे. त्याला पेटीत कुणी घातलं नव्हतं. पुढे पाळलेल्या डोमकावळ्याने बिळातून ओढून त्याचा एक डोळा काढला. त्यानंतर वर्षभर जगला, पण जीभ नेमकी किड्यावर पडेना. हे वाचलं तेव्हा मला आमची पायरी आठवली, आणि डेव्हनच्या त्या घरात कुणाची तरी आजी असणार असं उगाच वाटलं.

तेव्हा कुंडीचा फुटका तुकडा सावलीत पालथा घाला. शेजारी उथळ परात, आत एक दगड, चढून बाहेर येता यावं म्हणून. पाणी आदल्या दिवशी भरून उघड्यावर ठेवलेलं, आणि डास होऊ नयेत म्हणून रोज बदललेलं. अंगणात कीटकनाशक मारू नका, मोरीत फिनाईलऐवजी गरम पाणी आणि खराटा चालतो. न्हाणीघरात टाइल्सला चिकटून बसलेला तो बहुधा झाडबेडूक. रात्री लाकडावर टकटक केल्यासारखा ओरडतो आणि पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचं घरटं करून त्यात अंडी घालतो. ओल्या हाताने उचलून बाहेरच्या झाडावर ठेवा, मग आपले हात धुवा. येईल, नाही येईल, त्याची मर्जी.

आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री गावाबाहेर पाणी साचलेल्या शेताच्या कडेला जाऊन नुसतं ऐका. ऋग्वेदाच्या सातव्या मंडळातल्या 103व्या सूक्तात हेच ऐकलंय: वर्षभर मौन धरलेले बेडूक पाऊस पडताच बोलतात, एक गाईसारखा, एक बोकडासारखा, एक ठिपक्यांचा, एक हिरवा, आणि गुरूमागून शिष्याने म्हणावं तसा एकामागून दुसरा बोलतो. आवाज वेगळा म्हणजे जात वेगळी, हे त्या ऋषीच्या कानाने पकडलेलं दिसतं. आपण मात्र सगळ्यांना डराव डरावमध्ये बसवून टाकलं, शेजारच्या गुजराती पोरांनी ड्राउं ड्राउंमध्ये.

तिसऱ्या रांगेतून एका मुलीने विचारलंय, तो आपल्याला ओळखतो का. चेहऱ्याने नाही, बाळा. जागा ओळखतो, वेळ ओळखतो, रोज अमुक ठिकाणी खायला मिळतं हे शिकतो. आमच्या आताच्या घरी मागच्या वर्षी मुलाने ओट्यावर एलईडी लावला. किडे कमी झाले, आणि जो यायचा तो चार-पाच दिवस नुसता येऊन, भिंतीकडे तोंड करून बसला आणि गेला. मग मी जुना पिवळा बल्ब परत लावला. आता तो बल्ब गेला की मंगळबाजारात शोधत हिंडावं लागतं, आणि सूनबाई विजेचं बिल माझ्या ताटाशेजारी ठेवते.