जमाखर्चाच्या वहीतला फिट्झजेराल्ड

१९२० साल. अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि न्यूयॉर्कमध्ये चोरट्या दारूला ऊत आला. महायुद्ध संपलेलं, हातात पैसा, रात्रभर जॅझ. त्याच मार्चमध्ये तेवीस वर्षांच्या एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी आली आणि गाजली. आठ दिवसांनी त्याचं झेल्डा सेयरशी लग्न झालं. आदल्याच वर्षी, याच्या कमाईत संसार कसा चालणार म्हणून झेल्डानं साखरपुडा मोडला होता.

फिट्झजेराल्ड स्वतःची जमाखर्चाची वही ठेवायचा. कुठल्या कथेचे किती आले, एजंटचं कमिशन किती गेलं, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. तरीही पैसा टिकेना. वर्षाला ३६ हजार डॉलर कसे उडतात, यावर १९२४ मध्ये त्यानं लेखच लिहिला. लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकमध्ये भाड्याचं घर, नोकरचाकर, पाहुण्यांची रीघ. कर्ज फेडायला मासिकांसाठी कथा लिहायच्या आणि कादंबरी मागे पडायची.

शेवटी दोघं फ्रान्सला गेले. तिथे ‘द ग्रेट गॅट्सबी’ लिहून झाली. संपादक मॅक्सवेल पर्किन्सनं कौतुक केलं, पण एक शंका काढली: नायक गॅट्सबी धूसर वाटतो, वाचकाला नीट दिसत नाही. तोवर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून गॅली प्रुफं, म्हणजे चुका तपासायच्या कच्च्या प्रती, निघाली होती. अशा वेळी लेखक फार तर चार शब्द बदलतो. फिट्झजेराल्डनं रोममध्ये बसून सहावं आणि सातवं प्रकरण जवळजवळ नव्यानं लिहिलं. गॅट्सबीचा भूतकाळ तोडून तुकड्यातुकड्यांनी पुस्तकभर पेरला. पैशाच्या बाबतीत इतका सैल असलेला हा माणूस वाक्याच्या बाबतीत कमालीचा काटेकोर होता. मला त्याचं मोठेपण या प्रुफांत दिसतं. त्याच्या पार्ट्यांच्या गोष्टी मात्र आपण उगाच जास्त सांगत बसतो.

१९२५ च्या एप्रिलमध्ये पुस्तक आलं. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, दुसरी ३,०००. मग १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढच्याच वर्षी झेल्डा मानसिक आजारानं इस्पितळात गेली. तिचे उपचार, मुलीचं शिक्षण, स्वतःचं दारूचं व्यसन. अखेर हॉलिवूडमध्ये पटकथालेखनाची नोकरी. २१ डिसेंबर १९४० ला हृदयविकारानं तो गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. हातातली कादंबरी अर्धवट राहिली. ‘गॅट्सबी’च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या प्रती तेव्हाही प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या.

पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटण्यासाठी याच कादंबरीच्या १,५५,००० प्रती छापल्या गेल्या, खिशात मावतील अशा. पहिल्या आवृत्तीच्या सातपटीहून जास्त.